जाऊबाईंसाठी मुका पंखा

ये गं, अशी जवळ ये. अजून जवळ. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी तुझा कान धरू दे मला. भाची असलीस म्हणून सुटशील असं वाटलं काय? परवा फोनवर केवढ्यांदा हसलीस! "मावशी, कॉम्प्युटरच्या एका पंख्यासाठी तू जव्हारहून नाशिकला गेलीस? या वयात?" या वयात म्हणजे काय गं? पंखे निवडायचं वय कोणतं असतं? साडी निवडताना तू चार दुकानं पालथी घालतेस, तेव्हा मी हसते का? हसते, पण तुझ्यासमोर नाही.

तुला काही माहीत नसतं, कारण तू येत नाहीस. लांबून फोनवर हसायला काय लागतं! म्हणून समोर बसलीयस असं समजून सगळं लिहूनच काढते. वाच, आणि मग हस.

तुला आमच्या खोडाळ्याच्या मोठ्या जाऊबाई आठवतात ना? लग्नात तुझ्या हातातली बुंदीची वाटी काढून घेऊन "आधी भात संपव" म्हणाल्या होत्या, त्याच. त्या तिकडे शेतावर, लेक-सुनेकडे राहतात. भात, नागली, थोडी वरई. आम्ही दोघं इथे जव्हारला, ह्यांच्या नोकरीमुळे आलो आणि निवृत्तीनंतरही राहिलो. तर या जाऊबाई म्हणजे वाचणारी बाई. मी सातवी शिकलेली, त्या चौथी, पण त्यांनी वाचलं ते मी नाही वाचलं. भेळेचा कागदसुद्धा भेळ संपल्यावर सरळ करून वाचायच्या, आणि मधेच फाटलेला असला की भेळवाल्याला शिव्या द्यायच्या. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. सूनबाईचा मला फोन आला, "काकी, सासूबाई ओट्यावर बसून असतात. काही मागत नाहीत. परवा भात करपला तरी मला काही बोलल्या नाहीत."

हे ऐकून मी घाबरले. जाऊबाई करपलेल्या भाताला बोलत नाहीत म्हणजे काय ते तुला कळणार नाही, मला कळलं.

म्हणून मी त्यांना वाचून दाखवायला लागले. आता जव्हारहून खोडाळ्याला रोज कोण जाणार? तर लेकानं इथे ठेवून दिलेला जुना कॉम्प्युटर होता, एक माईक होता. सगळं मी बघून बघून शिकले. जुन्या मासिकांतल्या गोष्टी पडद्यावर मोठ्या करायच्या, अक्षर एवढं चिंचोक्याएवढं झालं की मलाही चष्म्याशिवाय दिसतं, मग वाचायचं, ते पेन ड्राइव्हवर भरायचं, पेन ड्राइव्ह पापडाच्या डब्यात, डबा खोडाळ्याच्या जीपवाल्याच्या हातात. तिकडे जाऊबाईंकडे तो लहानसा डबडा रेडिओ आहे, त्यात पेन ड्राइव्ह खुपसला की माझा आवाज येतो. तू म्हणशील मोबाईलवर कर. अगं, मोबाईलवर अक्षर मुंगीएवढं. आणि मधेच कोणीतरी कर्ज हवंय का विचारतं.

तर सगळं छान चाललं होतं, फक्त यंत्र घरघरायचं. सवय झाली की माणसाला घरातली घरघर ऐकू येत नाही. चाळीस वर्षं संसार केलाय, मला सांगू नकोस. पण माईकला सवय नव्हती. चार-पाच डबे गेले आणि एक दिवस जीपवाला डबा परत देताना म्हणाला, "काकू, तुमच्या जाऊबाईंनी निरोप दिलाय. बोलल्या तसाच सांगू का गोड करून सांगू?"

"तसाच सांग."

"म्हणाल्या, धाकटीला विचार, तू वाचतेस का दळतेस? गिरणीत बसून वाचायचं असेल तर नको पाठवू. पुढच्या खेपेला गिरणी ऐकू आली, तर मी हा डबडा उचलून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवीन. कोंबड्या ऐकतील."

मला आधी राग आला. मग पेन ड्राइव्ह स्वतः ऐकला. खरंच गं! मी वाचतेय "संध्याकाळची शांत वेळ होती" आणि मागे घर्र्र. राग गेला आणि धास्ती बसली. जाऊबाई बोलून दाखवतात ते करतात. डबडा एकदा खुराड्यात गेला की त्या पुन्हा ओट्यावर, आणि करपलेला भात मुकाट्यानं खाणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. पुढची खेप गप्प यंत्राची पाहिजे, नाहीतर नाहीच, असं मी ठरवलं.

पहिल्यांदा केलं ते कोणीही करेल तेच. यंत्राला गोधडी पांघरली. तान्ह्या बाळासारखी छान चारी बाजूंनी खोचून. आवाज कमी झाला! मी खुशीत वाचायला बसले. गोष्टीतला नवरा घरी येऊन दार वाजवतोय, तेवढ्यात पडदा काळा. नवरा राहिला दाराबाहेर, यंत्र विझलं. गोधडी काढली तर आतून भट्टीसारखी वाफ.

आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणाले, "ताप आलेल्याला गोधडी घालतात, हे खरं. पण त्याच्या नाकातोंडावर नाही घालत."

यांना काही विचारलं की उत्तर येत नाही, न विचारता मात्र येतं.

मग मी आमच्या गल्लीच्या टोकाला झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे यंत्र नेलं. त्यानं एका बाजूचं दार काढून दाखवलं. आत चौकोनी पाटी, तिला मदरबोर्ड म्हणतात, आणि तिच्या मधोमध प्रोसेसर. सगळा विचार तो करतो, म्हणून तो तापतो. तो वितळू नये म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्यांचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा, या सगळ्याला म्हणायचं कुलर. माझा कुलर म्हणजे वाटीएवढा पंखा, आणि त्यात नागलीचं पीठ बसलेलं. मी दळण आणलं की ते कॉम्प्युटरच्या शेजारीच चाळते, तेव्हा उडालेलं. दुकानदारानं ब्रशनं पीठ काढलं आणि म्हणाला, "काकू, एक भाकरी होईल." पीठ निघालं तरी घरघर राहिली. पंखाच झिजलेला.

"सगळ्यात शांत पाहिजे असेल," तो म्हणाला, "तर पाण्याचा कुलर येतो. नळ्यांतून पाणी फिरतं आणि गरमी घेऊन जातं."

आमच्या जाऊबाईंचं माहेर सूर्यमाळचं. उन्हाळ्यात त्यांच्या भावजया एका हंड्यासाठी डोंगर उतरतात आणि चढतात. आणि जाऊबाईंना वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मी पाणी पाजू?

"टँकर कुठे लावू, टेबलाखाली?"

"नाही हो काकू, पाणी एकदाच भरलेलं असतं. बंद नळ्यांत."

"एकदाच भरलेलं पाणी आटत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं? विहिरीनं?"

त्यानं पाण्याचा विषय सोडला. हसत हसत दुसरं सांगितलं, आणि ते मला पटलं. पंखा जितका लहान तितका त्याला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो. सूप घेऊन भात पाखडणारी बाई बघ, एक झटका देते आणि कोंडा लांब जातो, तिला धाप लागत नाही. तेच हातातल्या कागदानं वारा घालायचा तर हात मोडतो. तर मोठा पंखा आणि उंच ठोकळा असलेला कुलर घ्यायचा, हे ठरलं. फक्त तो म्हणाला, "उंची बघून घ्या. फार उंच घेतलात तर कॅबिनेटचं दार लागणार नाही. माझ्याकडे नाही, नाशिकला मिळेल."

ह्यांना त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे नाशिकला जायचंच होतं. म्हटलं, आयतंच. आता माप कसं द्यायचं? तू म्हणशील मिलिमीटर. अगं, आपल्याकडे चप्पल कशी आणतात? घरात राहणाऱ्या माणसाच्या पायाएवढी काडी मोडायची आणि बाजाराला जाणाऱ्याच्या खिशात द्यायची. काडी चपलेत आडवी ठेवली, बसली, की पैसे दे आणि ये. माझ्या सासूबाईंनी सगळ्या घराच्या वहाणा अशाच आणवल्या, एकही चावली नाही. तर मी खराट्याची एक चांगली हीर घेतली, प्रोसेसरच्या डोक्यापासून दारापर्यंत उभी धरली, तिथे मोडली आणि ह्यांच्या वरच्या खिशात पेनासारखी लावली.

"यापेक्षा उंच नको. याच्या जवळ जाईल तेवढा मोठा आणा."

"कळतं मला," हे म्हणाले.

संध्याकाळी आले ते खोकं घेऊन, आणि चेहरा असा की जणू जाऊन लंका जिंकली. खोक्यातून निघाला बशीसारखा चपटा कुलर. त्यावर पंखा आधीच्यापेक्षाही लहान. मी म्हटलं, एवढासा? म्हणाले, "काडी लावून आणलाय. बरोबर काडीएवढा." गल्लीतल्या दुकानदारानं घरी येऊन बसवून दिला. चालू केला तर आधी गिरणी होती, आता कानाशी डास. एक मोठा, चिडलेला डास.

मी म्हटलं, काडी आणा बघू. काडी आली. मी ती आत उभी धरली. दारापर्यंत अजून चार बोटं जागा!

"ही माझी काडी नाही."

"तुझीच आहे."

"अर्धी आहे."

हे पेपरात शिरले. मी पेपर खाली केला. तेव्हा म्हणाले, "डॉक्टरनं वाट बघायला लावली. म्हणून आधी जेवून घेतलं. मेथी होती."

"मग?"

"मेथीची काडी दातात अडकली. डॉक्टरकडे तसंच जायचं का? बरं दिसतं का? काडी हाताशी होती."

म्हणजे बघ, माझ्या यंत्राचं माप यांच्या दाढेत. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण दुकानदार आधी हसला, मग मला आवरेना. हेच तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "टोकाचीच मोडली होती. मला वाटलं टोक मोजत नसतील."

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. हेच ते तुझं "या वयात". काड्या दोन नेल्या, एक पर्समध्ये, एक अंबाड्यात.

ते नाशिकचं दुकान म्हणजे बोळातलं, आत गार हवा, गाणी लावलेली, बाहेर रिक्षांचा गोंधळ. काउंटरवरच्या माणसानं मला बघितलं आणि "काकू, चार्जर?" म्हणाला. मी अंबाड्यातून काडी काढली आणि म्हटलं, "याच्यापेक्षा बुटका, पण याला लागेल असा उंच कुलर द्या. आणि आवाज नको." मदरबोर्डचा फोटो दाखवला, तेव्हा मात्र त्यानं खुर्ची दिली.

दोन खोकी मांडली. "हा बघा, अगदी शांत. इथे लिहिलंय किती डेसिबल."

"लिहिलेलं सगळं खरं असतं होय? माझ्या घरी लोणच्याच्या बरणीवर साखर लिहिलंय."

"मग कसं ठरवायचं, काकू?"

"लावून दाखवा. ऐकते."

त्यानं बिचाऱ्यानं दोन्ही पंखे एका वीजयंत्राला जोडून फिरवले. मी कान लावला. काही कळेना, कारण गाणं चालू. म्हटलं, गाणं बंद करा. बंद केलं. आता वरचा गार हवेचा डबा घुमतोय. तो पण बंद करा. "काकू, गिऱ्हाईक आहे." मग मी गिऱ्हाइकांकडे वळले. तिघं-चौघं असतील. म्हटलं, "बाबांनो, माझ्या जाऊबाईंचे डोळे गेलेत. मी त्यांना वाचून दाखवते. यंत्र ओरडतं म्हणून त्या ऐकायचं बंद करणार आहेत. मला जरा शांतता द्या, हा सावकाश फिरणारा पंखा किती बोलतो ते ऐकू दे." एक जण उठून स्वतःच काचेचं दार लावून आला, मग काउंटरवाल्यानंही गार हवा बंद केली. सगळे घामाघूम होऊन गप्प बसले. देवळात बसत नाहीत असे.

पहिला पंखा रंगीबेरंगी दिव्यांचा. लाल, निळा, हिरवा फिरतो. दिसायला जत्रा, पण बारीक टकटक करत होता. म्हटलं, हा बाजूला. मला ऐकायचंय, बघायचं नाही. दुसरा साधा, काळा, हाताच्या पंज्याएवढा. त्याच्याजवळ मोबाईल ठेवला, त्यात आवाज भरायचं चालू केलं आणि पिशवीतलं मासिक काढून एक पान वाचलं. अगदी घरी वाचते तसं. बाई विहिरीवर जाते, दोर तुटतो, आणि मागून कोणीतरी तिला हाक मारतं, इथपर्यंत. मग मोबाईल कानाला लावून ऐकलं. फक्त मी. पंखा कुठेच नाही! मुका! नीट कान दिला तर लांबून झाडीतून वारा आल्यासारखं काहीतरी, बस्स.

"हा द्या."

काडी लावून बघितली, अर्धं बोट जागा उरत होती. पैसे देऊन निघाले तर दार लावणारा माणूस म्हणाला, "काकू, ते हाक कोण मारतं?"

"माहीत नाही. मी पण पुढे वाचलेलं नाही." खोटं बोलले. वाचलं होतं. पण ते सांगायचं तर अजून गरम झालं असतं सगळ्यांना.

तर कुलर बसला, प्रोसेसरवर गरमी ओढणारं थेंबभर मलम लावून, चार स्क्रूंनी. दार लागलं. आमच्या गल्लीतल्या दुकानदारानं पडद्यावरच्या कसल्यातरी सेटिंगात शिरून पंख्याला सांगितलं की गरज असेल तेव्हाच जोरात पळ. आणि घर असं शांत झालं म्हणून सांगू! भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. पहिल्याच दिवशी मी वाचायला बसणार, चहा गाळून येते तर यंत्र बंद. ह्यांनी बटण दाबलेलं. "चालू करत होतो," म्हणे, "तुला वाटलं असेल चालू आहे." चालूच होतं ते! आवाज नाही म्हणजे बंद, हे यांच्या डोक्यात पक्कं. पुन्हा चालू केलं, यांना गच्चीवर पिटाळलं आणि वाचायला बसले.

आता गंमत ऐक. यंत्र घरघरत होतं ना, तेव्हा ते आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. आणि गल्लीतल्या बायकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, घरघर चालू म्हणजे काकू कामात, जायचं नाही. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटायचं, दुपारी बायका झोपतात.

माझं एक पान वाचून झालं नाही तोच समोरची शेजारीण वाटी घेऊन आत. "बरं झालं, आज रिकाम्या आहात. विरजण द्या हो थोडं." मी विरजण दिलं. ती बसली. आली म्हणजे बसणारच. "हे काय करता तुम्ही? कोणासाठी वाचता?"

"खोडाळ्याच्या जाऊबाईंसाठी."

"अय्या, त्या ऐकतात?"

आणि माझी जीभ सुटली गं. महिनाभर त्या पंख्याच्या पायी मी तोंड बांधून होते, कोणाशी धड दोन शब्द बोलले नव्हते. म्हटलं, "ऐकतात कसल्या, झोपतात. पण कबूल करायच्या नाहीत. आमच्या जाऊबाई जन्मात कधी झोपलेल्या नाहीत. त्या डोळे मिटून विचार करतात. तोंड उघडं ठेवून." शेजारीण खिदळली. ती खिदळली की मला चेव येतो. मग मी पत्त्यांचं सांगितलं. पावसाळ्यात शेतावर सगळ्या जावा पत्ते खेळायच्या आणि जाऊबाई नेहमी जिंकायच्या, कारण त्यांच्या पदराखाली एक राणी कायमची राहायला होती. मग त्यांच्या लाडवांचं. मग ह्यांच्या दाढेचं. शेजारणीनं तिच्या नणंदेचं सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

तेवढ्यात जीपचा हॉर्न. मी धावत येऊन आवाज भरणं थांबवलं, पेन ड्राइव्हवर टाकलं, डब्यात कोंबलं, वर कुरडया ठेवल्या आणि जीपवाल्याच्या हातात दिलं.

परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा दिसलं. वाचलं होतं एक पान, आणि पडद्यावर फाईल पाऊण तासाची. लावून ऐकलं. माझं तोंड, शेजारणीचं खिदळणं, पदराखालची राणी, सगळं. आणि आवाज इतका स्वच्छ! वाटीत चमचा फिरवल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. पंखा असा काही मुका निवडला होता मी.

जीपवाल्याला फोन लावला. एकदा लागला. "अरे, तो डबा देऊ नको!" म्हणते तर तिकडून नुसतं, "हां काकू, देतो, देतो, टेन्शन नाय घ्यायचा," आणि मोखाड्याच्या वळणांत रेंज गेली ती गेलीच.

हे गच्चीवरून खाली आले. सगळं ऐकून इतके खूश झाले की स्वतः चहा केला. चाळीस वर्षांत घरातली कुठलीतरी चूक पहिल्यांदाच यांची नव्हती. "तू पुन्हा गोधडी घाल," म्हणाले, "पण यंत्रावर नको."

मग जाऊबाईंकडून काही नाही. फोन नाही, निरोप नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डबा नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत धाडत नाहीत हे तुला माहीत आहे. दोन मिरच्या, मूठभर वालाच्या शेंगा, काहीतरी घालून येतो. पण डबाच येत नाही, याचा अर्थ घरातल्या घरात काय लावायचा ते लाव. मी खोडाळ्याच्या जीपकडे रोज बघायचे आणि जीपवाला रोज मान हलवायचा. मी स्वतःला म्हणत होते, गिरणी ऐकवली असतीस तर निदान कोंबड्यांनी तरी ऐकलं असतं. आता गेलीस. डोळे नसलेल्या बाईला तुझा एक आवाज होता, त्यात तू तिचीच टवाळी भरून पाठवलीस.

बाजाराच्या दिवशी दुपारी फोन वाजला. सूनबाई.

"काकी, सासूबाई म्हणतात, त्या तुमच्याशी बोलणार नाहीत."

"बरं."

"पण मी सांगते ते तुम्ही ऐका, म्हणतात."

मागून जाऊबाई, अगदी स्पष्ट, "तिला विचार, तोंड उघडं ठेवून म्हणजे काय?"

"काकी, सासूबाई विचारतात..."

"ऐकू आलं गं मला."

मागून जाऊबाई, "ऐकू आलं तरी तू सांग. मी बोलत नाही तिच्याशी."

सूनबाईनं सांगितलं. मी म्हटलं, चुकलं माझं. ते तिनं तिकडे सांगितलं. तिकडून उत्तर, "तिला सांग, राणी नव्हती. एक्का होता. राणीसाठी कोण पदर चुरगळतं?"

मला हसू फुटत होतं, पण दाबलं.

"आणि विचार, ती घोड्यासारखी हसणारी कोण?"

"समोरची शेजारीण," मी म्हटलं.

"तिच्या नणंदेचं पुढे काय झालं? मधेच हॉर्न वाजला. आणि विरजण लागलं का? का दूध नासलं? विचार तिला, दे, दे गं इकडे तो फोन, तुला नीट विचारता येत नाही." आणि मग एकदम कानात जाऊबाई. "धाकटे, दही लागलं का?"

"लागलं."

"घट्ट?"

"घट्ट."

"हं. ती मासिकातली बाई पहिल्याच पानावर रडायला बसते, ती मला नको. पण बाकीचं मी चार वेळा ऐकलं. सुनेला पण ऐकवलं. तिनं हसता हसता भाकरी करपवली, मी तिला काय काय बोलले! खूप दिवसांनी पेन ड्राइव्ह संपेपर्यंत मी जागी होते."

"म्हणजे आधीच्या वेळी झोपत होतात?"

जाऊबाई खाकरल्या. मग म्हणाल्या, "विचार करत होते."

डबा का नाही पाठवला विचारलं, तर म्हणाल्या, भरतेय अजून. लाडू करायला सांगितलेत, तुझ्या त्या शेजारणीला दे आणि काय म्हणते ते भरून पाठव.

तर आता असं ठरलंय. मी वाचायला बसते, दार सताड उघडं ठेवते, आणि कोण येईल ते येऊ देते. येतात गं, मुका पंखा आहे ना! ह्यांचं तोंड मात्र बांधलंय, माईक दिसला की सभेत बोलल्यासारखं बोलतात. पण जाऊबाई फार चिकित्सक. परवा निरोप आला, शेजारणीचं सगळं संपत आलंय, नणंद पण जुनी झाली. "तुझी ती भाची, बुंदी आधी खाणारी, ती काय करते? तिच्या घरचं काही असेलच की. तिला बसव एकदा."

आता मी त्यांना काय सांगू, ती फक्त फोनवर हसते? म्हणून म्हणते, लवकर ये. दोन दिवस काढून ये, घाईनं नको. खुर्ची मी माईकजवळ ओढून ठेवलीय.